चोवीस तासांनी टीएनएफ दिसलं नाही, तरी पेशी गप्प नव्हत्या

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. उंदराच्या अस्थिमज्जेपासून वाढवलेल्या मॅक्रोफेज पेशींना, म्हणजे जंतू गिळणाऱ्या प्रतिकारपेशींना, तुम्ही जिवाणूंच्या आवरणातलं लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजे एलपीएस, दिलं. चोवीस तासांनी आरएनए काढून मोजला, तर टीएनएफ या दाह भडकवणाऱ्या प्रथिनाचा संदेश, म्हणजे संदेशवाही आरएनए, जवळजवळ मूळ पातळीवर होता. एनएफ-कॅपा-बी या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाला अडवून धरणारं आयकॅपाबी-अल्फा हे प्रथिन नाहीसं व्हायला हवं होतं, ते जसंच्या तसं होतं. त्याच पेशींना दुसऱ्यांदा एलपीएस दिलं, तेव्हा तर टीएनएफ हललंच नाही. म्हणून एलपीएसची बाटली खराब झाली असावी, असा तुमचा अंदाज आहे. शिवाय तुम्ही विचारलंय की एकच एनएफ-कॅपा-बी शेकडो जनुकांना हात घालत असेल, तर वेगवेगळ्या पेशी वेगवेगळा प्रतिसाद कशा देतात?

बाटली फेकू नका. तुम्ही लिहिलेले तिन्ही निकाल निरोगी मॅक्रोफेजचे आहेत. तुम्ही पोहोचलात तेव्हा वरात पुढे निघून गेली होती, एवढंच. दाहाचा संदेश मिळाल्यावर जनुकांचं काय होतं, हे समजून घ्यायचं तर आधी घड्याळ हातात घ्यावं लागतं. कोणतं जनुक चालू झालं यापेक्षा ते कधी चालू झालं, किती वेळ राहिलं आणि कुणी बंद केलं, यात खरी माहिती असते. तुमचे दोन्ही प्रश्न शेवटी याच एका जागी येऊन मिळतात.

पहिल्या पंधरा मिनिटांपासून सुरुवात करू. एलपीएस पेशीच्या पृष्ठभागावरच्या टीएलआर४ या ग्राहकाला पकडतं. एलपीएसचा ग्राहक हाच, हे १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने दाखवलं. एलपीएसला दादच न देणारे काही उंदीर खूप आधीपासून माहीत होते, आणि त्यांचा दोष याच जनुकात सापडला. ग्राहकाकडून संदेश आत उतरतो आणि आयकेके नावाच्या किनेजपर्यंत पोहोचतो. आयकेके आयकॅपाबी-अल्फावर फॉस्फेट लावतं, मग त्याच्यावर युबिक्विटिनची खूण बसते आणि प्रोटिएसोम त्याचे तुकडे करतो. आतापर्यंत त्याने पेशीद्रवात रोखून धरलेलं एनएफ-कॅपा-बी मोकळं होतं आणि केंद्रकात शिरतं.

इथे एका गोष्टीकडे लक्ष द्या. या सगळ्यात पेशीला एकही नवं प्रथिन बनवावं लागलेलं नाही. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६ मध्ये एनएफ-कॅपा-बी शोधलं ते बी पेशींमध्ये, प्रतिपिंडाच्या कॅपा साखळीच्या जनुकाजवळ. त्याचं नाव तिथूनच आलं. थोड्याच दिवसांत लक्षात आलं की इतर पेशींमध्येही ते असतं, फक्त बांधलेल्या अवस्थेत, आणि प्रथिननिर्मिती थांबवली तरी ते जागं होतं. जंतू दारात असताना नवं प्रथिन बनवत बसायला पेशीकडे वेळ नसतो. म्हणून सामान आधीच तयार ठेवलेलं असतं, फक्त दोर कापायचा बाकी असतो.

आता तुमचा दुसरा निकाल. केंद्रकात गेल्यावर एनएफ-कॅपा-बी ज्या जनुकांना सर्वात आधी चालना देतं, त्यांत आयकॅपाबी-अल्फाचंच जनुक आहे. म्हणजे सुटका झाल्याबरोबर ते स्वतःला पकडणाराच घडवायला लागतं. पंधरा ते तीस मिनिटांत नाहीसं झालेलं आयकॅपाबी-अल्फा तासाभराच्या आसपास परत दिसू लागतं, केंद्रकात जाऊन एनएफ-कॅपा-बीला डीएनएवरून उचलतं आणि बाहेर आणतं. बाहेर संदेश अजून चालू असेल तर ते पुन्हा तोडलं जातं आणि चक्र पुन्हा फिरतं. २००२ मध्ये अलेक्झांडर हॉफमन आणि सहकाऱ्यांनी याचं गणिती प्रारूप मांडलं. २००४ मध्ये दुसऱ्या एका गटाने सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पेशींमध्ये एनएफ-कॅपा-बी आत-बाहेर करताना दाखवलं, साधारण शंभर मिनिटांच्या फेरीने. लाखो पेशी एकत्र चिरडून मोजलं की हे हेलकावे दिसत नाहीत, कारण थोड्या वेळाने प्रत्येक पेशीचं चक्र पुढे-मागे झालेलं असतं आणि सरासरी सपाट येते. चोवीस तासांच्या नमुन्यात आयकॅपाबी-अल्फा भरपूर असणं म्हणूनच अपेक्षित आहे. त्याचं प्रथिन पाहायचंच असेल तर पंधराव्या आणि तिसाव्या मिनिटाला पाहा.

टीएनएफच्या जनुकाची तयारीही अशीच आधीपासून असते. मॅक्रोफेजमध्ये त्याच्या सुरुवातीलाच आरएनए पॉलिमरेज थोडं अंतर लिहून थांबलेलं असतं. संदेश आला की अडवणारे घटक बाजूला होतात आणि पॉलिमरेज पुढे धावतं. त्यामुळे टीएनएफचा संदेशवाही आरएनए तासाभरातच शिखर गाठतो. आयएल-६ आणि आयएल-१२ या दाहाच्या दुसऱ्या दोन प्रथिनांचं तसं नाही. त्यांच्या प्रमोटरवर, म्हणजे जनुक जिथून चालू होतं त्या भागावर, डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती घट्ट गुंडाळलेला असतो, आठ हिस्टोनांच्या एकेका गाठीभोवती १४७ बेस-जोड्या. तो सोडवायला ऊर्जा खर्चणारं यंत्र लागतं. शिवाय आयकॅपाबी-झीटा नावाचं एक प्रथिन आधी नव्याने बनावं लागतं. नावात आयकॅपाबी असलं तरी हे प्रथिन या जनुकांना चालना द्यायलाच मदत करतं. या दोन पायऱ्यांमुळे आयएल-६ काही तास उशिरा येतो.

तिसरी लाट त्याहून मागाहून येते. टीएलआर४ पेशीच्या आत ओढलं गेलं की ते तिथून आयआरएफ३ या जनुकं चालू करणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाला जागं करतं, त्यातून इंटरफेरॉन-बीटा बाहेर पडतं, आणि ते त्याच पेशीच्या व शेजारणींच्या ग्राहकांना लागून स्टॅट१ आणि स्टॅट२ या प्रथिनांमार्फत विषाणूविरोधी जनुकांचा मोठा संच चालू करतं. तुमच्या चोवीस तासांच्या यादीत ही जनुकं वर दिसतील. ती थेट एलपीएसने चालू केली असं लिहू नका. त्यांतली बरीचशी इंटरफेरॉनची आहेत. इंटरफेरॉनचा ग्राहक नसलेल्या पेशी मिळाल्या तर हा फरक एका प्रयोगात दिसतो.

पहिल्या आणि नंतरच्या लाटा वेगळ्या करायला अनेक जण सायक्लोहेक्सिमाइड हे प्रथिननिर्मिती थांबवणारं रसायन वापरतात. वापरा, पण जपून. प्रथिननिर्मिती थांबली की आयकॅपाबी-अल्फाही परत बनत नाही. एनएफ-कॅपा-बी केंद्रकातच राहतं, एरवी लवकर तुटणारे आरएनएही टिकतात, आणि टीएनएफचा आकडा अवाच्या सवा फुगतो. तो फुगलेला आकडा म्हणजे प्रतिसाद वाढला असं वाचणं ही मी सर्वात जास्त वेळा पाहिलेली चूक आहे.

आता ज्या भागाकडे जनुकनियंत्रणावरच्या चर्चेत सर्वात कमी लक्ष जातं, आणि तुमच्या पहिल्या निकालाचं उत्तर जिथे आहे, तो भाग. जनुकातून किती आरएनए लिहिला गेला हे अर्धंच गणित आहे. लिहिलेला आरएनए किती वेळ जगतो, हे उरलेलं अर्धं. टीएनएफच्या संदेशाच्या शेपटीकडे ए आणि यू ही अक्षरं दाटीने येणारा एक पट्टा आहे. ट्रिस्टेट्राप्रोलिन, म्हणजे टीटीपी, हे प्रथिन तिथे बसतं आणि आरएनए तोडणारी यंत्रणा बोलावतं. १९९६ मध्ये टीटीपी नसलेले उंदीर तयार झाले, तेव्हा ते खंगत गेले, त्यांचे सांधे सुजले; आणि टीएनएफला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं दिल्यावर हा जवळजवळ सगळा आजार टळला. पुढे १९९९ मध्ये टीएनएफच्या जनुकातून फक्त तो पट्टा काढलेले उंदीर पाहिले गेले. त्यांना सांधेदाह झाला आणि आतड्यात क्रोन्ससारखा दाह झाला. त्यांचं टीएनएफ प्रथिन निर्दोष होतं, फक्त त्याचा संदेश वेळेवर मरत नव्हता. हा निकाल मी पहिल्यांदा वाचला त्या दिवसापासून कोणत्याही जनुकाची शेपटी पाहिल्याशिवाय मी त्याच्या प्रमोटरबद्दल बोलत नाही.

मग सुरुवातीच्या तासात टीएनएफचा संदेश टिकतो कसा? एलपीएसच्या संदेशाची दुसरी शाखा, पी३८ किनेज आणि तिच्या पुढची एमके२, टीटीपीवर फॉस्फेट लावून त्याला थोडा वेळ निकामी करते. म्हणजे उत्पादन वाढवायचं आणि त्याच वेळी मोडतोड थांबवायची. पी३८ चा जोर ओसरला की टीटीपी पुन्हा कामाला लागतं. आणि टीटीपीचं जनुकही याच काळात चालू झालेलं असल्याने आता ते आधीपेक्षा जास्त असतं. टीएनएफचा आलेख शिखरावरून इतका उभा कोसळतो त्याचं हे कारण.

आयएल-६ च्या बाबतीत रेग्नेज-१ नावाचं आरएनए कापणारं प्रथिन हे काम करतं. त्यातली एक गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. रेग्नेज-१ ला बाजूला काढणारं किनेज कोणतं, तर तेच आयकेके. ज्या हाताने आयकॅपाबी-अल्फाचा दोर कापला, त्याच हाताने आयएल-६ च्या संदेशाचा मारेकरीही हटवला जातो. केंद्रकात लिहिणं आणि पेशीद्रवात जपणं, दोन्हींचं घड्याळ एकाच ठिकाणी लावलेलं आहे.

तुमचा मुख्य प्रश्न राहिला: एनएफ-कॅपा-बी तेच, मग प्रतिसाद वेगळा का? पहिलं कारण, एनएफ-कॅपा-बी केंद्रकात शिरतं तेव्हा तिथली दारं आधीच कुणीतरी उघडून किंवा लावून ठेवलेली असतात. मॅक्रोफेज घडताना पीयू.१ आणि सी/ईबीपी ही प्रथिनं हजारो ठिकाणी डीएनएवर बसून क्रोमॅटिन, म्हणजे डीएनए आणि हिस्टोनांची गुंडाळी, सैल करतात, आणि तिथल्या हिस्टोनांवर खुणा उमटतात. एनएफ-कॅपा-बी बहुतांशी या तयार जागांवर उतरतं. ज्या पेशीत ती जागा बंद आहे तिथे कितीही एनएफ-कॅपा-बी आलं तरी पालथ्या घड्यावर पाणी. टीएनएफचंच जनुक पाहा: मॅक्रोफेज आणि टी पेशी दोघीही ते चालू करतात, पण टी पेशीत कॅल्शियममुळे जागं होणाऱ्या एनएफएटी या प्रथिनावर ते फार अवलंबून असतं. सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध टी पेशींना इतकं लागू पडतं ते याच वाटेवरच्या कॅल्सिन्युरिनला रोखून.

दुसरं कारण पुन्हा वेळेचं. एकाच मॅक्रोफेजला टीएनएफ दिलं तर एनएफ-कॅपा-बी हेलकावे खातं. एलपीएस दिलं तर ते बराच काळ केंद्रकात टिकून राहतं, कारण टीएलआर४ ची एक शाखा लवकर आणि दुसरी उशिरा पोहोचते. हा फरक नुसता दिसण्यापुरता आहे का, याचं उत्तर २०२१ मध्ये हॉफमन यांच्या प्रयोगशाळेतून आलं. हिस्टोनभोवतीची गुंडाळी आपोआप थोडी सुटते आणि पुन्हा बसते. एनएफ-कॅपा-बी मध्येच निघून गेलं तर ती पूर्ववत होते. ते टिकून राहिलं तर गुंडाळी परत बसायला जागाच मिळत नाही आणि तिथे नवा एन्हान्सर, म्हणजे जनुकाला दुरून चालना देणारा डीएनएचा तुकडा, उघडतो. त्यांनी आयकॅपाबी-अल्फाचा लगाम काढून टीएनएफ दिल्यावरही एनएफ-कॅपा-बीला केंद्रकात टिकून राहू दिलं, तेव्हा टीएनएफनेही नव्या जागा उघडल्या. त्याच रेणूने, त्याच पेशीत, फक्त मुक्काम लांबवल्यावर वेगळं काम केलं.

उघडलेल्या जागा संदेश संपल्यावर लगेच मिटत नाहीत, आणि तुमची दुसरी मात्रा इथे येते. दिवसभर एलपीएसमध्ये राहिलेल्या मॅक्रोफेजला पुन्हा एलपीएस दिलं की टीएनएफ आणि आयएल-६ उठत नाहीत. याला एंडोटॉक्सिन सहनशीलता म्हणतात; एंडोटॉक्सिन हे एलपीएसचंच दुसरं नाव. बराच काळ समजूत अशी होती की ग्राहकापासूनची वाटच थकते. थोडी थकतेही: ए२० सारखी प्रथिनं युबिक्विटिनच्या खुणा बदलून आयकेकेकडे जाणारा संदेश दाबतात, आणि ए२० नसलेले उंदीर दाहाने अकाली मरतात. पण २००७ मध्ये रस्लान मेदझितोव्ह यांच्या गटाने दाखवलं की अशा पेशीत सगळी जनुकं दबत नाहीत. दाह भडकवणारी जनुकं बंद राहतात, तर कॅथेलिसिडिनसारख्या जंतुनाशक प्रथिनांची जनुकं दुसऱ्या वेळीही चालू होतात, काही तर अधिक जोमाने. वाटच बंद असती तर सगळीच गप्प बसली असती. म्हणजे निर्णय जनुकागणिक, क्रोमॅटिनच्या पातळीवर होतो. शरीराच्या दृष्टीने ते योग्यही आहे, कारण जंतू मारत राहायचं आहे आणि स्वतःच्या ऊती जाळायच्या नाहीत. याच्या उलट, बुरशीच्या भिंतीतलं बीटा-ग्लुकन किंवा बीसीजी ही क्षयाची लस यांनी काही पेशी पुढच्या वेळी जास्त जोरात उठतात. मिहाई नेतेआ यांनी त्याला प्रशिक्षित प्रतिकारशक्ती म्हटलं. आधी काय भेटलं यावर पुढची दिशा ठरते.

रुग्णांच्या उपचारातही वेळेचा हा मुद्दा दिसतो. डेक्सामेथासोनसारखी ग्लुकोकॉर्टिकॉइड्स केंद्रकात जाऊन दाहाची जनुकं दाबतात, आणि टीटीपी व पी३८ ला शांत करणारं डीयूएसपी१ यांसारखे लगाम वाढवतात. २०२० मधल्या रिकव्हरी चाचणीत रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले, पण ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना लाभ झाला नाही. औषध तेच आणि आजारही तोच असला, तरी आजाराच्या कोणत्या टप्प्यावर ते पोहोचलं यावर सगळं ठरलं.

आता तुम्ही काय करायचं. शून्य, पंधरा आणि तीस मिनिटं, मग एक, दोन, चार, आठ आणि चोवीस तास, असे नमुने घ्या. पेशी कमी असतील तर जनुकं कमी मोजा, वेळा कमी करू नका. टीएनएफचा आरएनए मोजायला दोन प्रायमर-जोड्या ठेवा: एक पूर्ण झालेल्या संदेशासाठी आणि एक इंट्रॉनमधली, म्हणजे पुढे कापून टाकल्या जाणाऱ्या भागातली, जी नुकताच लिहिलेला, अजून न कापलेला आरएनए पकडते. इंट्रॉनची पातळी पडली पण पूर्ण संदेश टिकला, तर टिकाऊपणा वाढलाय. दोन्ही एकदम पडले तर लिहिणंही थांबलंय आणि मोडतोडही जोरात आहे. या जोडीसाठी नमुन्यातला डीएनए डीएनेजने नीट काढलेला असलाच पाहिजे, नाहीतर इंट्रॉन सगळीकडे दिसेल. शंका उरली तर आरएनए लिहिणं थांबवणारं ॲक्टिनोमायसिन-डी देऊन दर पंधरा मिनिटांनी मोजा. आणि संदेशाबरोबर माध्यमातलं टीएनएफ प्रथिनही मोजा. पेशींनी सकाळी सोडलेलं प्रथिन संध्याकाळीही माध्यमात असतं, त्यामुळे आरएनए खाली आणि प्रथिन वर असं दिसलं तर गोंधळू नका.

एक इशारा स्वानुभवातून देतो. माझ्या कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका विकत घेतलेल्या प्रथिनाने मॅक्रोफेज जागे होतात असं मला दिसलं. कित्येक महिने मी त्या प्रथिनाचा ग्राहक शोधला. शेवटी ते प्रथिन उकळून पेशींना दिलं, आणि प्रतिसाद तसाच्या तसा आला. प्रथिन उकळल्यावर मोडतं, एलपीएस टिकतं. म्हणजे इतके महिने मी त्यातल्या मिसळीचाच अभ्यास करत होतो. ते सगळे नमुने टाकून द्यावे लागले. तेव्हापासून आमच्याकडे कोणतंही नवं प्रथिन आधी उकळून, मग एलपीएसला निष्प्रभ करणाऱ्या पॉलिमिक्सिन-बीसोबत, आणि शेवटी टीएलआर४ निकामी असलेल्या सी३एच/एचईजे उंदरांच्या पेशींवर तपासलं जातं. तुमच्या 'शून्य' वेळेच्या पेशींत टीएनएफ थोडंही जास्त दिसलं, तर आधी सीरम आणि माध्यमातलं एंडोटॉक्सिन मोजून घ्या. आधीच एलपीएस लागलेल्या पेशी अर्धवट सहनशील झालेल्या असतात आणि पुढचं सगळं मोजमाप चुकतं.

चोवीस तासांचे जे नमुने हातात आहेत ते शीतकपाटातच राहू द्या. त्यांतून टीएनएफचं उत्तर मिळणार नाही, पण आयकॅपाबी-अल्फा, ए२० आणि टीटीपी यांचे संदेश त्यांत मोजा, आणि दुसऱ्या मात्रेच्या पेशींत कॅथेलिसिडिन पाहा. ते उठलेलं असेल आणि टीएनएफ निजलेलं असेल, तर तुमच्या हातून सहनशीलतेचा प्रयोग न ठरवता पार पडला आहे. तेव्हा पुढच्या वेळी पहिल्या मात्रेनंतर पेशी धुऊन, ताज्या माध्यमात थोडा वेळ ठेवून मगच दुसरी मात्रा द्या, आणि पहिल्यांदाच एलपीएस पाहणाऱ्या, तेवढ्याच वयाच्या पेशी शेजारच्या बशीत ठेवा.